आवाजाची वेठ

१९९५ साली 'हॅलो लॉर्ना' या नावाची कोंकणी गीतांची एक ध्वनिफीत बाजारात आली आणि वीस वर्षांहून अधिक काळ मुका झालेला एक आवाज गोव्यातील घराघरांत पुन्हा ऐकू येऊ लागला. लॉर्ना कोर्देरो या गायिकेचे हे पुनरागमन होते. साठीचे दशक संपता संपता आणि सत्तरीच्या आरंभी, क्रिस पेरी या संगीतकाराच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी गायिलेल्या गीतांनी गोव्यातील व मुंबईतील गोवेकरांना अक्षरशः वेड लावले होते. मग त्यांचे गाणे एकाएकी थांबले. तबकड्या वाजत राहिल्या, लग्नाच्या मांडवांत तीच गीते इतरांच्या तोंडून गायिली जात राहिली. मूळ गाणारी मात्र मंचावर नव्हती आणि ध्वनिमुद्रणगृहातही नव्हती. रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने त्यांना पुन्हा गाण्याकडे आणले तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. आवाज पूर्वीचाच होता, खर्जातला आणि किंचित घोगरा. आणि तो ऐकायला लोटलेल्या गर्दीत आईबापांकडून नुसते नाव ऐकलेली मुलेही होती.

ही हकीकत सांगण्याची एक ठरलेली पद्धत पडून गेली आहे. एक प्रतिभावान संगीतकार, एक मनस्वी गायिका, दोघांचे जुळलेले सूर, ताटातूट, दीर्घ विरह आणि शेवटी विजयी पुनरागमन. वृत्तपत्रांनी ती अशीच सांगितली. २०१४ साली बार्दरॉय बार्रेतो यांनी त्या गीतांच्या आधाराने 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाच्या सोयीसाठीही हीच पद्धत बरी पडली. दोन माणसांच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा अधिकार इतरांना नाही, म्हणून तो विषय येथे बाजूस ठेवणेच इष्ट. परंतु या प्रेमकथेच्या कडेला एक कागद पडलेला आहे. कथा सांगणारे त्याचा उल्लेख करतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्या कोणाच्याही वाद्यवृंदाबरोबर वीस वर्षे गाणार नाही, असे गायिकेकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले होते, अशी ती वदंता आहे. पेरी यांच्या चाहत्यांना ती मान्य नाही, आणि पेरी २००२ साली निवर्तल्यामुळे त्यांची बाजू आता त्यांच्या तोंडून ऐकताही येणार नाही. तेव्हा कोणा एका व्यक्तीवर आरोप ठेवण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. असा कागद असू शकतो यावर गोव्यात आणि मुंबईत हजारो लोकांचा सहज विश्वास बसला, आणि 'असा कागद चालतोच कसा?' असे विचारणारे फारसे कोणी निघाले नाही.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत काम करणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. गोव्याशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी सविनय कायदेभंगाला आरंभ केला तो मडगावात, आणि क्रिस पेरी त्याच मडगावचे. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन सरहद्द ओलांडून गेले. पुढे मधु लिमये गेले. परंतु या स्मरणरंजनापेक्षा जवळचा दुवा आहे तो कागदाचा. उचल घेऊन अंगठा उठवायचा आणि मग आपले हातपाय आपले राहत नाहीत, हा अनुभव या मुलखाला पिढ्यानपिढ्यांचा आहे.

गोव्याच्या संगीतकारांची आर्थिक स्थिती आधी पाहू. पोर्तुगीज अमलात चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेली पोरे गावात पोट भरेना म्हणून मुंबईला आली. हॉटेलांतील वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यमेळ त्यांच्या हातांवर उभे राहिले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन सॅबास्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र यांपैकी बहुतेकांची नावे नसत, असली तर बारीक अक्षरांत. ध्वनिमुद्रण झाले की त्या दिवसाचे पैसे हातावर पडत आणि हिशेब मिटे. गाणे पुढे पन्नास वर्षे विकले गेले तरी वाजवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध उरत नसे. म्हणजे कौशल्य उच्च दर्जाचे, पण मजुरी रोजंदारीची.

क्रिस पेरी स्वतः या व्यवस्थेतूनच वर आले. ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांवर प्रभुत्व असलेल्या या माणसाने हिंदी चित्रपटांसाठी काम केले आणि कोंकणी गीताला जॅझचा नवा ताल दिला. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये त्यांचा वाद्यवृंद गाजला. येथे एक रचना समजून घेतली पाहिजे. हॉटेलमालक सौदा करी तो बँडमास्तराशी. गायक-वादकांना पैसे देई तो बँडमास्तर. वीटभट्टीचा मालक जोडप्यांना ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. तोच हा प्रकार. मधला माणूस प्रतिभावान असेल, प्रेमळ असेल, स्वतःच्या खिशातून घालणारा असेल. तरीही गाणाऱ्याचे काम, नाव आणि बाजारापर्यंतची वाट ही तिन्ही त्याच्या एकट्याच्या हाती राहतात. अशा अवस्थेत स्टॅम्पपेपर असला काय आणि नसला काय, गाणे बंद पडायला शब्दही पुरतो.

मात्र कागदाच्या मागे कायदा उभा असतो, आणि तो कोणाच्या बाजूने उभा आहे हे तपासण्याजोगे आहे. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर या जर्मन गायिकेवर खटला झाला. एका नाट्यगृहात तीन महिने गाण्याचा तिने करार केला होता, कराराच्या काळात दुसरीकडे गाणार नाही असेही लिहून दिले होते, आणि दुसऱ्या नाट्यगृहाने अधिक पैसे देऊ केले. न्यायालय म्हणाले, हिला गायला लावणे आमच्या हाती नाही, पण दुसरीकडे गाण्यास मनाई करता येईल. तत्त्व मोठे मासलेवाईक आहे: मालकाला तुमचा आवाज मिळो न मिळो, तो इतरांना मिळू न देण्याचा हक्क त्याला मिळतो. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १८७७ साली हिंदुस्थानासाठी विशिष्ट अनुतोषाचा कायदा केला तेव्हा हेच उदाहरण त्यात घातले. बारा महिने एका नाट्यगृहात गाण्याचा व अन्यत्र न गाण्याचा करार करणाऱ्या माणसाला अन्यत्र गाण्यापासून रोखता येईल, असे त्या कायद्याच्या ५७ व्या कलमाखालील दृष्टान्तात सांगितले होते. म्हणजे या देशातल्या कायद्याच्या पुस्तकात गाणारा माणूस शिरला तो मनाईहुकमाच्या दारातून. १९६३ च्या नव्या कायद्यात तत्त्व तेच राहिले.

भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम १८७२ पासून असे सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. हे कलम वाचून सामान्य माणसाला हायसे वाटेल. पण या कलमाला न्यायालयाने कोठे मुरड घातली त्याचा इतिहास तर मुरबाडच्या वाटेवरचाच आहे. कल्याणला सेंच्युरी कंपनीचा टायरच्या दोऱ्याचा कारखाना होता. तेथे एका शिफ्ट सुपरवायझरला १९६३ साली पाच वर्षांच्या कराराने नेमले होते. १९६४ मध्ये तो अधिक पगारावर कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेला. सेंच्युरी न्यायालयात गेली आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कराराची मुदत चालू असेपर्यंत असे बंधन सामान्यतः चालते. ते २७ व्या कलमाखाली निरर्थक ठरत नाही. निकालात एक आधार असा होता की, हे बंधन तेवढ्याच प्रकारच्या कामापुरते आहे, त्यामुळे माणसाला रिकामे बसण्याची पाळी येणार नाही. सुपरवायझरच्या बाबतीत हे कदाचित पटेल. तो दुसऱ्या प्रकारच्या कारखान्यात जाईल. गाणारीला गाण्याची मनाई केली तर तिच्यापाशी उरते काय? तिने दुसऱ्या प्रकारचा गळा कोठून आणावा?

मुदत संपल्यानंतरचे बंधन मात्र आपल्याकडे चालत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्ध एक व्यवस्थापन कंपनी न्यायालयात गेली होती. जुना करार संपल्यावरही नव्या सौद्याची पहिली संधी आपल्यालाच द्यावी, असा तिचा आग्रह. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल योग्यच झाला. पण झहीर खानपाशी वकील होते. सत्तरीच्या आरंभी मुंबईतल्या हॉटेलात गाणाऱ्या, विशीतल्या मुलीपाशी ते कोठून असणार? तिला एवढेच ठाऊक असते की आपण सही केली आहे, आणि सही मोडणे हे पाप आहे. गरिबाचे शब्दपालन हे सावकारीचे मोठे भांडवल होते, आजही आहे.

ठाणे जिल्ह्यात लग्नगडी ही संस्था होती. आदिवासी तरुणाच्या लग्नासाठी सावकार किंवा जमीनदार रक्कम पुढे करी, आणि ती फिटेपर्यंत तो व त्याची नवी नवरी मालकाच्या वाड्यावर राबत. फिटणे हा शब्द केवळ म्हणायचा; हिशेबाची वही मालकाच्या हाती. मुरबाडच्या शेजारी टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन झाले, आणि त्यानंतर डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास आला आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, १९७६ साली, वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. त्या कायद्याची व्याख्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावी. उचलीच्या मोबदल्यात मजुरीशिवाय किंवा नाममात्र मजुरीवर राबवून घेणे ही तर वेठ आहेच. पण त्याच उचलीपोटी ठरावीक किंवा बेमुदत काळासाठी दुसरे काम वा उपजीविकेचे दुसरे साधन स्वीकारण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हीसुद्धा त्या व्याख्येप्रमाणे वेठच. विटा थापणाऱ्या कातकऱ्याच्या बयाण्याला हे लागू पडते हे आता निदान कागदावर सर्वांना मान्य आहे. गाणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊन त्याचे अन्य गाणे बंद करणारा कागद या व्याख्येच्या किती जवळ येतो, हा प्रश्न विचारायचे धाडस अजून कोणी केलेले दिसत नाही. कला म्हटली की आपल्याकडे श्रमाचा विचार थांबतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात श्रमाचे एक वैशिष्ट्य नोंदवले आहे. श्रम हा नाशवंत माल आहे. व्यापारी भात वखारीत ठेवून भावाची वाट पाहू शकतो; मजुराचा आजचा दिवस विकला गेला नाही तर तो उद्या विकता येत नाही, आणि म्हणूनच सौद्यात तो दुबळा असतो. लॉर्ना कोर्देरो यांचा जन्म १९४६ चा. गाणे थांबले तेव्हा त्या विशीतच होत्या, परतल्या तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या. गायिकेच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे यांच्यामध्ये संपली. पुनरागमनाच्या जल्लोषात हा हिशेब कोणी मांडत नाही. उलट 'इतक्या वर्षांनीही आवाज तसाच!' असे कौतुक होते, जणू आवाज पेटीत जपून ठेवलेला दागिना होता.

आवाज साठवता येतो हे मात्र एका अर्थाने खरे आहे, आणि तेथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. तबकडी, ध्वनिफीत आणि आता मोबाइल ही आवाजाची धरणे आहेत. शहापूरच्या माणसाला हे अधिक फोडून सांगायला नको. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे, भातसाही देते. पाऊस शहापुरात पडतो, जमीन शहापूरची बुडाली, जलवाहिनी पाड्यांच्या अंगणावरून जाते, आणि उन्हाळा आला की त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. पाणी कोठे पडले यावर मालकी ठरत नाही, ते कोणी अडवले यावर ठरते. आवाजाचेही तेच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानला जातो तो ते काढणारा निर्माता; गळा ज्याचा तो नव्हे. १९७१ साली निघालेल्या कोणत्याही तबकडीवरचा हा हक्क साठ वर्षे, म्हणजे २०३१ च्या अखेरपर्यंत टिकतो. म्हणून लॉर्नाबाई गात नव्हत्या त्या वर्षांतही त्यांचा आवाज विकला जाऊ शकत होता. मनुष्य गप्प आणि माल बाजारात, अशी ही विलक्षण अवस्था.

गाणाऱ्याच्या या हक्काचा प्रश्न लता मंगेशकरांनी साठीच्या दशकात काढला होता. गाणे विकले जाईल तोवर गायकाला वाटा मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी. महंमद रफी यांचे म्हणणे असे की ठरलेले पैसे मिळाले, व्यवहार संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गायिले नाही. रफींच्या दिलदारपणाचे गोडवे आजही गायिले जातात, आणि ते दिलदार होतेच. पण त्या दिलदारपणाचा लाभ कोरसमध्ये गाणाऱ्याला झाला नाही, कंपनीला झाला. लताबाईंना व्यवहारी म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते की, वाटा मागण्याची ताकद त्यांच्यापाशी होती म्हणून त्या मागू शकल्या. कायद्याने गाणाऱ्यांचे व वाजवणाऱ्यांचे हक्क प्रथम मान्य केले ते १९९४ च्या दुरुस्तीने. ती १० मे १९९५ पासून अमलात आली. 'हॅलो लॉर्ना' निघाली तेच वर्ष. लॉर्नाबाईंनी परत येताना पाऊल ठेवले ते निदान अशा कायद्याच्या राज्यात, जेथे गाणारी ही केवळ यंत्रापुढे उभी राहणारी बाई उरली नव्हती. जुन्या गीतांना मात्र या हक्काने हात लावला नाही. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल कलावंताला स्वामित्वधन मिळण्याचा हक्क स्पष्ट केला, आणि चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या कवीला व संगीतकाराला आपला समान वाटा कोणा कंपनीला लिहून देता येणार नाही असे ठरवले.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. या तालुक्यांत गाणारी आणि वाजवणारी माणसे किती आहेत याची गणती कोणत्याही योजनेत नाही. आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण आहे. तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही. ठाकर-कातकऱ्यांचे नाच आहेत, वारकऱ्यांची भजनी मंडळे आहेत, भीमगीते गाणारे आहेत. हळदीच्या रात्री वाजणाऱ्या बेंजो पार्ट्या आहेत, ब्रास बँड आहेत. माळशेज घाट चढून गेले की नारायणगाव. तमाशाचे फड तेथून सुपाऱ्या घेऊन निघतात, आणि पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेतही तमाशाचे तंबू लागतात. त्या फडांतील कलावंतांच्या उचलीची गोष्ट वेगळी सांगायला नको. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि अखेरचे दिवस मात्र पैशाच्या विवंचनेत गेले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

गेल्या काही वर्षांत यात नवी भर पडली ती यूट्यूबची. पूर्वी मुंबईला जाऊन कॅसेट कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता कल्याण-डोंबिवलीत, भिवंडीत लहान ध्वनिमुद्रणगृहे निघाली. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरचा पोरगा स्वतः शब्द लिहितो, चाल लावतो, गातो. हळदीच्या हंगामात ते गाणे लाखो वेळा वाजते. हे चांगलेच झाले. पण गाणे ज्या चॅनेलवर चढते त्याची किल्ली ध्वनिमुद्रणाचा खर्च करणाऱ्याकडे असते, आणि जाहिरातींचे पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. पोराला मिळते ती एकरकमी बिदागी, हार घातलेला फोटो आणि एक कागद. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे' हे त्या कागदाचे पालुपद. त्याखाली एखादे कलम असेही असू शकते की, अमुक वर्षे दुसऱ्या कोणत्याही चॅनेलसाठी गाणार नाही. धोबीतलाव ते टोकावडे, पन्नास वर्षांत वाक्य बदललेले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: कोणी बंदूक रोखली नव्हती, पोराने राजीखुशीने सही केली, आणि खर्च करणाऱ्याने जोखीम घेतली होती. जोखमीचा मुद्दा नाकारण्याचे कारण नाही. दहा गाण्यांतील नऊ बुडतात, आणि खर्च करणाराही बहुधा हप्ते भरणारा लहान माणूसच असतो. त्याला त्याची गुंतवणूक नफ्यासह परत मिळाली पाहिजे. पण गुंतवणूक फिटल्यावरही, कायमचे? जमिनीच्या बाबतीत आपण कूळकायदा केला, कारण कसणाऱ्याचा एक दाणाही हक्काचा नसावा हे समाजाला अन्याय्य वाटले. राहता राहिली राजीखुशी. विकणारे शंभर आणि घेणारा एक असेल तर भाव घेणाराच ठरवतो. अशा बाजारात राजीखुशी हा शब्द वकिलांसाठी ठेवून द्यावा.

लॉर्नाबाईंच्या पुनरागमनात कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे काही असेल तर ते हे की, त्यांना परत आणले ते सरकारने नव्हे आणि अकादमीनेही नव्हे. त्यांच्यासाठी काम उभे करणारा एक संगीतकार पुढे आला. आणि त्यांचा ग्राहक कोणत्याही करारात बांधलेला नव्हता. गोव्याच्या वाड्यावाड्यांवर त्यांची गीते लोकांनी स्वतःच्या गळ्यांत जपली होती. गाणे बंद करता आले, ऐकणे बंद करता आले नाही. हे बळ धवलारणीपाशी आहे आणि हळदीच्या गाण्याच्या पोरापाशीही आहे. एकेकट्याने सौद्याला बसण्यामुळे ते वाया जाते. हमालांनी, विडी कामगारांनी संघटना केल्या. ठाण्याच्या ग्रामीण भागातल्या बेंजोवाल्यांना आणि गायकांना संघटनेची गरज असेल हे आपल्या मनातच आले नाही. प्रचारफेरीला गाडीवर त्यांनाच बसवायचे, सभेआधी त्यांच्याकडूनच गीते म्हणवून घ्यायची आणि निघताना नारळ द्यायचा, हा आपलाही व्यवहार फारसा वेगळा नाही.

काम कोठून सुरू करावे यासाठी कायद्यात पुरेशा जागा आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे लेखी व सहीनिशी असल्याशिवाय हक्कांचे हस्तांतरण होत नाही. तेव्हा 'गाण्याचे पैसे पोचले' एवढीच पावती दिली असेल तर शब्द आणि चाल यांचे हक्क पोराकडेच आहेत. कागद आहे पण त्यावर मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते. घेणाऱ्याने वर्षभरात हक्काचा वापर केला नाही आणि कागदात तसे काही वेगळे लिहिलेले नसेल, तर हस्तांतरण रद्द झाले असे समजतात. मुदत लिहायची राहिली तर पाचच वर्षे मिळतात म्हणूनच जाणते व्यापारी 'कायमचे' हा शब्द छापूनच ठेवतात, आणि म्हणूनच सहीच्या आधी खोडायचा पहिला शब्द तो. धवल्यासारख्या परंपरेच्या गाण्यांची अडचण निराळी आहे. त्या गाण्याला कायद्याने कोणी मालक नाही, पण त्याच्या ध्वनिमुद्रणाला आहे. उद्या कोणी धवलारणीला माइकपुढे बसवून सारे धवले उतरून नेले तर ते ध्वनिमुद्रण त्याचे होईल. तिच्याकडे गाणारी म्हणून हक्क उरतो तो २०१२ च्या दुरुस्तीतला. तो मागायचा तर तिचे नाव, दिवस आणि गाण्यांची यादी कागदावर असली पाहिजे.

शहापूरला आणि मुरबाडला न्यायालये आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जमिनीच्या आणि मारहाणीच्या प्रकरणांत कार्यकर्ते या तरतुदीचा उपयोग करतात. यंदाच्या लग्नसराईआधी गाणाऱ्यांकडचे कागद गोळा करून त्याच वकिलांपुढे ठेवावेत. पहिल्या खेपेस पाच-पंचवीस जमले तरी चालतील.